जोडीला सिस्टर

लेंतकाळ, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ, सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी, उपासना संपल्यावर, मंडळीच्या म्हणजे आमच्या चर्चच्या फलकावर जोड्यांचा कागद लागला. घरी अंथरुणाला खिळलेल्या लोकांच्या समाचाराला दर आठवड्याला कोणी जायचं, त्याची ती यादी. नावं आम्ही आपखुशीनं दिली होती, त्यामुळे यादीत मी होते याचं नवल नव्हतं. पण माझ्या नावापुढे सिस्टरांचं नाव होतं. शेजारी उभ्या असलेल्या दोघीतिघींनी कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि एकदम पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या.

सिस्टर म्हणजे निवृत्त परिचारिका. वय पासष्टीच्या पुढे, गुडघे दुखरे, आवाज वॉर्डाच्या या टोकाचा त्या टोकाला ऐकू जाणारा. त्यांचं माझं पटत नाही, हे मंडळीत शब्बाथ शाळेतल्या पोरांनाही ठाऊक होतं.

बाहेरच्या माणसाला कारण क्षुल्लक वाटेल. आमच्या आवारात मिशनच्या काळातला एक बंगला आहे. कौलारू, पडवीचा, लाकडाला वाळवी लागलेला. तो पाडून तिथे सभागृह बांधायचं की दुरुस्त करून राखायचा, यावरून मंडळी उभी दुभंगली. सिस्टर पाडणाऱ्यांत, मी राखणाऱ्यांत. अमेरिकन मराठी मिशनचे लोक नगरला 1831 मध्ये आले ते काँग्रिगेशनल परंपरेचे. मंडळीचा कारभार सभासदांनी एकत्र बसून, मतं मोजून चालवायचा ही त्यांची रीत. पुढे 1970 मध्ये सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, डोक्यावर बिशप आले, तरी मतं मोजायची खोड आमच्या अंगात राहिलीच. (शहराचं नाव आता अहिल्यानगर झालंय, आमच्या तोंडी अजून नगरच बसलंय.) मंडळीचा कारभार बघणाऱ्या पास्टोरेट कमिटीच्या निवडणुकीआधीचा महिना आमच्याकडे नगरपालिकेच्या निवडणुकीला लाजवेल असा जातो. पत्रकं, दोन वेगवेगळे व्हॉट्सअॅप ग्रुप, हिशेबावरून आरोप. अशाच एका सभेत सिस्टर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बंगला राखा म्हणणाऱ्यांचे वडील त्याच बंगल्यात बिनभाड्यानं राहिलेत. मग माया असणारच." माझे वडील तेव्हा हयात नव्हते. मी जे उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही, पण ते सभेला फार आवडलं होतं.

तर जोडी बदलून मागायला मी पाळकसाहेबांकडे गेले. त्यांनी चहा सांगितला आणि कारण न विचारता म्हणाले, "येशूनं बारा जणांना दोघं दोघं करून पाठवलं. त्या बारांत मत्तय होता, जकातदार, म्हणजे सरकारसाठी कर वसूल करणारा. आणि शिमोन जिलोत होता, म्हणजे सरकारचं नाव काढलं तरी चवताळणारा. या दोघांना एकत्र पाठवलं असं कुठे लिहिलेलं नाही. पण मुक्काम तर एकाच ठिकाणी होता ना? रात्री जेवताना काय बोलत असतील?" मी म्हटलं, सिस्टरांना तरी चालणार आहे का? ते म्हणाले, "त्या काल येऊन गेल्या. त्यांनाही हेच सांगितलं." चहा चांगला होता. जोडी बदलली नाही.

लेंतकाळातल्या बुधवारी संध्याकाळी तयारीचे वर्ग झाले. माझ्या मनात होतं, बायबलमधले उतारे वाचायचे, प्रार्थना शिकायच्या, असं काहीतरी असेल. निम्मा वेळ गेला तो काय बोलायचं नाही यात. "देवाची इच्छा" म्हणायचं नाही. "विश्वास ठेवा, बरे व्हाल" म्हणायचं नाही, कारण बरं नाही झालं तर त्या माणसाला आजाराच्या जोडीला विश्वास कमी पडल्याचा दोषही लागतो. दुसऱ्या कुणाचा याहून मोठा आजार सांगायचा नाही. संदेश, म्हणजे प्रवचन, द्यायचा नाही. बायबलमधल्या, दुःखानं पिचलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याशेजारी जमिनीवर नुसते बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत. तेवढं त्यांचं वागणं उत्तम होतं, असं पाळकसाहेब म्हणाले. पुढे त्यांनी तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं. आमच्याकडे देवाच्या अनुभवाची साक्ष द्यायला माइक लागतो आणि माइक लागला की सुटत नाही, त्यामुळे हा धडा अनेकांना जड गेला.

एक वर्ग सिस्टरांनी घेतला. तिथे त्या एकदम वेगळ्या दिसल्या. खुर्ची पलंगाला लावून बसा, उभं राहून बोलू नका, पडलेल्या माणसाला मान वर करून बघावं लागतं. पलंगावर बसू नका, चादर ताणली जाते आणि त्याला दुखतं. अत्तर लावून जाऊ नका. सर्दी असेल तर जाऊच नका. लकवा झालेल्या माणसानं पाणी मागितलं तर आडव्यानं पाजू नका. ठसका लागतो, पाणी फुफ्फुसात जातं आणि न्यूमोनियाचं निमित्त होतं. औषधाच्या गोळ्यांना हात लावू नका. घरात नुसतं "काही लागलं तर सांगा" म्हणून उठू नका, कारण कुणी सांगत नाही. "मंगळवारी येताना भाजी आणू का, असं विचारा. हो किंवा नाही म्हणता येईल असं." मी वहीत लिहून घेत होते. त्यांनी एकदा माझ्या वहीकडे पाहिलं आणि पुढचं वाक्य जरा सावकाश सांगितलं.

लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातला चांगला शोमरोनी, वाटेत लुटून टाकलेल्या परक्याला मदत करणारा, आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. नाटकात मी त्यातलं गाढवही झालेय. पाळकसाहेबांनी तो दाखला एका वेगळ्याच बाजूनं उघडला. यरुशलेम समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंच आणि यरीहो समुद्रसपाटीच्या खाली. मधली वाट पंचवीस-सत्तावीस किलोमीटरची, ओसाड, सगळी उताराची. त्या वाटेवर जखमी पडलाय तो बहुधा यहुदी आणि थांबला तो शोमरोनी. दोघांचा देव एक. मोशेची पाच पुस्तकं दोघांचीही. मग भांडण कशावरून? उपासनेची जागा कुठली यावरून. यहुदी म्हणत यरुशलेम, शोमरोनी म्हणत गरिज्जीम डोंगर. यहुद्यांच्या एका राज्यकर्त्यानं ख्रिस्ताच्या शंभरेक वर्षं आधी शोमरोन्यांचं डोंगरावरचं मंदिर पाडलंही होतं. योहानाच्या चौथ्या अध्यायात विहिरीवरची बाई येशूशी बोलायला लागते तेव्हा तीसुद्धा याच मुद्द्यावर येते: आमच्या पूर्वजांनी या डोंगरावर उपासना केली आणि तुम्ही म्हणता यरुशलेमातच.

"म्हणजे भांडण इमारतीचं होतं," पाळकसाहेब म्हणाले आणि पुस्तक मिटून पाणी प्यायले. वर्गात कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

त्याच दाखल्यातली आणखी एक गोष्ट मला कामाची वाटली. शोमरोनी त्या जखमी माणसाच्या उशाशी आयुष्यभर बसत नाही. जखमांना तेल आणि द्राक्षारस लावतो, पट्ट्या बांधतो, जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, रात्र काढतो आणि दुसऱ्या दिवशी दोन दीनार, म्हणजे दोन दिवसांची मजुरी, मालकाच्या हातावर ठेवून आपल्या कामाला जातो. वर खर्च झाला तर परत येताना देईन म्हणतो. कामाला जातो, हे महत्त्वाचं. आमच्यातल्या काही जणी सेवेच्या नावाखाली स्वतःचं घर उघड्यावर टाकतात आणि मग सगळ्या जगावर रुसतात. दुसऱ्याच्या हाती सोपवणं आणि परत येणं, एवढं जमलं तरी पुष्कळ.

शेवटच्या वर्गात नियम आला. जर्मनीतले पाळक डीट्रिख बोनहोफर यांनी 1935 मध्ये फिंकेनवाल्ड नावाच्या गावी तरुण पाळकांसाठी एक छोटी शाळा चालवली होती. हिटलरच्या कह्यात गेलेल्या चर्चपासून फुटून निघालेल्यांची शाळा. 1937 मध्ये गेस्टापोनं ती बंद केली. 9 एप्रिल 1945 रोजी, युद्ध संपायला महिनाही उरला नसताना, बोनहोफरना फ्लॉसेनबुर्गच्या छावणीत फाशी दिलं. त्या शाळेत त्यांनी मुलांना एक साधा नियम घातला होता: आपल्यातला जो भाऊ समोर हजर नाही, त्याच्याविषयी बोलायचं नाही. चुकून बोललात, तर नंतर त्याला गाठून सांगायचं की मी तुझ्याविषयी असं असं बोललो. नियम मोडायचा, पुन्हा पाळायचा निश्चय करायचा, पुन्हा मोडायचा. पण त्यातून मुलं संदेशांइतकंच शिकली, असं त्यांच्या शिष्यांनी सांगून ठेवलंय.

"समाचाराला जाणाऱ्यांना आजपासून हा नियम लागू," पाळकसाहेब म्हणाले. मागच्या बाकावरून एक काका म्हणाले, "पाळकसाहेब, मग बोलायचं काय?" सगळे हसले. काकांना ते विनोदानं म्हणायचं नव्हतं.

ईस्टर झाला आणि शनिवारी दुपारचं आमचं जाणं सुरू झालं. माझी अॅक्टिव्हा, मागे सिस्टर एका बाजूला पाय सोडून, मांडीवर त्यांची पिशवी. पिशवीत बीपीचं यंत्र, थर्मामीटर, नवा करार आणि स्तोत्रसंहिता एकत्र असलेलं छोटं पुस्तक, कापूस, टेप आणि पेपरमिंटच्या गोळ्या. पहिले काही शनिवार आमच्यात रस्त्यापुरतंच बोलणं. "डावीकडे." "खड्डा." "इथेच."

सावेडीत एक निवृत्त मास्तर होते. पार्किन्सनमुळे हात थरथरत, चालणं जवळपास बंद, पण जीभ शाबूत आणि मंडळीच्या राजकारणाचा षौक दांडगा. आम्हा दोघींना एकत्र दारात पाहून त्यांना जो आनंद झाला तो आध्यात्मिक नव्हता. बसल्या बसल्या त्यांनी सुरुवात केली, "मग, आपले खजिनदार काय म्हणतायत? त्यांनी म्हणे..." सिस्टर उठल्या, थर्मामीटर झटकला आणि म्हणाल्या, "मास्तर, तोंड उघडा." थर्मामीटर जिभेखाली गेला. "ओठ मिटा. दोन मिनिटं बोलायचं नाही." दोन मिनिटं झाल्यावर ताप नाही असं कळलं आणि मास्तर विषय विसरले. पुढच्या शनिवारीही तेच. मग मास्तरांनाही खेळ कळला. खजिनदाराचं नाव काढलं की ते स्वतःच "आ" करायला लागले. ते नंतर तेविसावं स्तोत्र म्हणायला लावत, "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे; मला काही उणे पडणार नाही", आणि आम्ही अडखळलो की चूक दाखवत.

तो नियम मला वाटलं त्याहून कठीण निघाला, आणि वाटलं त्याहून उपयोगी. मंडळीतल्या बायका एकत्र आल्या की दहातली नऊ वाक्यं तिसऱ्या माणसाविषयी असतात. सून, पाळकाची बायको, क्वायरमधली पोरगी, कमिटीतले लोक. ती नऊ काढून टाकली की उरतं एक, आणि ते एक समोरच्या माणसाविषयी किंवा आपल्याविषयी असावं लागतं. गाडीवर, टपरीवर, कुणाच्या दारात वाट बघताना आम्हाला शेवटी तेच बोलावं लागलं. असंच एकदा सिस्टरांनी सांगितलं की त्यांना सभागृह का हवंय. त्यांच्या मुलीचं लग्न गल्लीत मांडव घालून झालं. मंगल कार्यालयाचं भाडं परवडणारं नव्हतं. ऐन जेवणाच्या पंगतीला वळवाचा पाऊस आला, पत्रावळींत पाणी भरलं, व्याही मंडळी शेजाऱ्यांच्या ओट्यांवर जाऊन उभी राहिली. "आपल्या लोकांत अशा किती मुली आहेत, माहितेय तुम्हाला?" त्या म्हणाल्या. मला माहीत होतं. माझ्या शाळेत त्याच मुली शिकतात. मी त्यांना बंगल्याचं सांगितलं. माझे वडील खेड्यातून नगरला शिकायला आले ते त्या बंगल्याच्या मागच्या खोलीत राहून. गावात ज्यांना विहिरीवर पाणी भरू देत नव्हते त्या घरातला मुलगा तिथे टेबलावर जेवला. दोघींचं ऐकून झालं. दोघींचंही मत बदललं नाही.

भिंगारचं घर सगळ्यात अवघड होतं. आजींना लकवा होऊन उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली. मुलगा कंपनीत शिफ्टला, सगळं सुनेवर. पहिल्या भेटीत मी आजींचा हात हातात घेऊन बसले, प्रार्थना केली, आजींच्या डोळ्यांत पाणी आलं, मला बरं वाटलं. सिस्टरांनी तेवढ्यात सुनेला विचारलं, "कूस कधी बदलली?" सून गप्प. सिस्टरांनी चादर बाजूला केली. माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग होता. त्यांनी बोटानं दाबून पाहिलं. दाबल्यावर पांढरं होऊन पुन्हा लाल झालं तर काळजी कमी. दाबूनही लालच राहिलं तर आतली कातडी मरायला लागली समजायची. हा लालच राहिला.

मग त्यांनी आम्हा दोघींना शिकवलं. एक जुनी चादर आडवी, चौपदरी घडी करून खांद्यापासून मांडीपर्यंत अंगाखाली सरकवायची. दोघींनी दोन बाजूंनी चादरीच्या कडा अंगालगत गुंडाळून धरायच्या. "माणसाला ओढायचं नाही, चादर उचलायची. ओढलं की कातडी घासते, तिथंच जखम होते." एक, दोन, तीन म्हणून उचलायचं, कुशीवर वळवायचं, पाठीमागे उशी, दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी. पोटऱ्यांखाली उशी अशी ठेवायची की टाचा अधांतरी राहतील. दर दोन तासांनी. भिंतीवर सिस्टरांनी खडूनं तक्ता काढला: डावी, पाठ, उजवी आणि समोर वेळा.

तक्ता बघून सून रडायला लागली. दोन तासांनी म्हणजे रात्रीसुद्धा. "सगळे येतात आणि आईंची चौकशी करतात," ती म्हणाली. "मला कुणी विचारतच नाही." मी काहीतरी बोलणार होते; सिस्टर म्हणाल्या, "आतल्या खोलीत जा. झोप. आम्ही आहोत." अर्ध्या तासाहून जास्त बसायचं नाही हा आमचाच नियम. आम्ही दिवेलागणीपर्यंत बसलो. पुढे आमच्या यादीत नाव आजींचं राहिलं, पण भिंगारला आम्ही जायचो ते सुनेला झोपवायला. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात "आजारी होतो तेव्हा तुम्ही माझ्या समाचारास आलात" असं आहे. आजाऱ्याजवळ रात्रभर जागणाऱ्याचं नाव तिथे नाही, पण माझा अंदाज आहे की तोही त्यातच धरलेला असावा.

त्याच घराच्या भिंतीला भिंत लागून आबा राहत. मार्केट यार्डात हमाली केलेले, वारकरी, खुब्याचं हाड मोडून पडलेले. एक दिवस भिंतीपलीकडून हाक आली, "ओ बाई, त्या घरी येता, आमच्याकडं पण या की." यावर आमच्या समाचाराच्या बैठकीत बरीच चर्चा झाली. काही जण म्हणाले, जाऊ नका, धर्मांतराला आले असं कुणीतरी म्हणेल आणि नसतं लचांड मागे लागेल. हल्ली ही भीती खोटी म्हणता येत नाही. काही जण म्हणाले, उलट देवानं दार उघडलंय, शुभवर्तमानाचं पुस्तक घेऊन जा. पाळकसाहेबांनी दोघांनाही एकच उत्तर दिलं: शोमरोनी माणसानं जखमीला आधी जात-धर्म विचारला नाही, आणि तो शुद्धीवर आल्यावर त्याच्या हातात पत्रकही दिलं नाही. बोलावलंय, तर जा. रिकाम्या हातानं जा. त्यांनी मागितल्याशिवाय प्रार्थनासुद्धा करू नका. करायची तर घरी येऊन करा.

आबांची टाच लाल होतीच. पोटऱ्यांखाली उशी गेली. तिसऱ्या की चौथ्या भेटीत आबा म्हणाले, "तुम्ही मास्तरीण ना? डोळे गेले माझे. तेवढं जरा वाचून दाखवा." उशाशी तुकारामांच्या अभंगांचं पुस्तक होतं, कोपरे दुमडलेलं. मला वाचायला अडचण नव्हती. आमचे रेव्हरंड टिळक तुकारामांच्या वाटेनंच ख्रिस्ताकडे आलो असं सांगत, आणि त्यांची भजनं आम्ही दर रविवारी त्याच चालींवर म्हणतो. सिस्टरांना मात्र ते पटलं नाही. त्या म्हणाल्या, "मी नाही वाचणार. टाच बघते." आणि त्यांनी टाच पाहिली. मी डोक्याशी अभंग वाचत होते, त्या पायाशी कापूस आणि पाणी घेऊन बसल्या होत्या, आणि आबा डोळे मिटून मान डोलवत होते. एका ठिकाणी मी अडखळले, तर पायाकडून आवाज आला, "चष्मा लावा, बाई." परतताना गाडीवर यावरून वाद झाला. त्यांचं म्हणणं, उद्या लोक म्हणतील आपल्याला आपलं काही नाही. माझं म्हणणं, म्हातारा ऐकत होता, एवढं पुरे. अजूनही तो वाद मिटलेला नाही. वाचते मी, टाच त्या बघतात.

पावसाळ्यात सावेडीचे मास्तर गेले. कबरस्तानातून परतताना चिखल फार होता, सिस्टरांनी माझा हात धरला होता. टपरीवर चहा घेताना त्या म्हणाल्या, "एक सांगायचंय. तुम्ही समोर नसताना मी तुमच्याविषयी बोलले. त्या सभेच्या दिवशीचं नाही, कालचं. कमिटीतल्या एकीजवळ. की ही बाई वडिलांमुळे हट्टाला पेटलीय." मी काही म्हटलं नाही. त्या पुढे म्हणाल्या, "आणि ते भाड्याचं. जुने हिशेब काढले तेव्हा तुमच्या वडिलांच्या पावत्या सापडल्या. दर महिन्याची आहे पावती. सभेत सांगीन मी." थोडं थांबून, "पण सभागृह झालंच पाहिजे."

सभेत त्यांनी खरंच सांगितलं. उभं राहून, त्याच आवाजात. त्यांच्याच गटातले लोक वैतागले, कारण ऐन ठरावाच्या आधी असलं बोलून कोणी आपली बाजू लंगडी करतं का? मग ठराव मताला आला. त्यांनी बाजूनं मत दिलं, मी विरोधात. थोड्या मतांनी सभागृह जिंकलं. मला वाईट वाटलं, अजून वाटतं. प्रेम करा म्हणजे मागे हटा, असा अर्थ मी तरी काढत नाही, आणि सिस्टरही काढत नाहीत. योहानाच्या पत्रात लिहिलंय की "मी देवावर प्रीती करतो" असं म्हणत जो भावाचा द्वेष करतो तो लबाड. भावाच्या विरोधात मत देणाऱ्याला तिथे लबाड म्हटलेलं नाही. मी ते दोनदा वाचून पाहिलं.

एक गोष्ट मला या सगळ्यात चकित करून गेली. रुग्णांवर माया करणं सोपं होतं. आजी बोलत नव्हत्या, आबा आशीर्वाद देत होते, मास्तर हसवत होते. त्या घरांतून निघताना आपण चांगली माणसं आहोत असं वाटायचं. अवघड काय ते गाडीच्या मागच्या सीटवर होतं. शेवटच्या भोजनावेळी येशूनं शिष्यांचे पाय धुतले तेव्हा त्याला पकडून देणारा यहूदा अजून उठून गेलेला नव्हता, म्हणजे त्याचेही धुतले. "एकमेकांवर प्रीती करा" ही नवी आज्ञा आली ती त्यानंतर, त्याच खोलीत, जे बारांतले अकरा उरले त्यांना. रस्त्यावरच्या परक्याविषयी येशू इतरत्र पुष्कळ बोललाय. ही आज्ञा मात्र एका ताटात हात घालणाऱ्यांना आहे, आणि त्या अकरांत आपल्यात मोठा कोण यावरून वाद चालायचा.

सभेनंतरच्या शनिवारी सिस्टर नेहमीच्या वेळी फाटकापाशी उभ्या होत्या. बंगल्याच्या कौलांकडे दोघींनीही पाहिलं नाही. भिंगारला पोहोचल्यावर त्यांनी आधी तक्ता तपासला. आजींचा डाग फिकट झाला होता. सुनेनं रात्रीच्या वेळांपुढे नवऱ्याच्या सहीची जागा आखली होती आणि दोन ठिकाणी सही होतीही. "हे बरं केलंस," सिस्टर तिला म्हणाल्या.

आता सभागृहाचा नकाशा मंजुरीला गेलाय. आबा वॉकर धरून दारापर्यंत येतात. आबांच्या मुलानं एक नवं नाव आणलंय: सिव्हिलमध्ये पाय मोडून पडलेला एक ट्रकवाला, ना नगरचा, ना आमच्या मंडळीचा, जवळचं कुणी नाही. सिस्टर म्हणतात, शनिवारी नको, मंगळवारी जाऊ, मंगळवारी ड्रेसिंग असतं, जखम बघता येईल. मंगळवारी माझी शाळा दुपारची. सकाळी लवकर निघावं लागेल, आणि जाताना त्याच्यासाठी दाढीचं सामान घ्यायचंय. तेवढंच त्यानं मागितलंय.